हात चालतो, पण पैसे मागता येत नाहीत: गावात घरदुरुस्तीचा धंदा उभा करताना

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही दर्यापूर तालुक्यातले, पुण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात तीन वर्षं काढून परत आलात. घरी चार एकर कोरडवाहू, वडील अजून वावर पाहतात. नळ, पंखे, कूलर, दाराच्या कड्या, टिनाची गळती हे सगळं तुम्हाला जमतं आणि गावात कोणाचं काही बिघडलं की हाक तुम्हालाच येते. आता याचाच धंदा करायचा आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या: तालुक्याला गाळा घ्यावा का, भांडवल किती लागेल आणि कर्ज कोणतं मिळेल. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, ‘सगळे बोलावतात, चहा पाजतात, पण पैशाचं नाव काढत नाहीत.’

ती शेवटची ओळ हाच तुमचा खरा प्रश्न आहे. बाकीचे तीन त्याच्या मागून येतात. हात चालणारी पोरं आपल्याकडे गावोगाव असतात, पण त्यावर घर चालवणारी फार थोडी. भांडवल नव्हतं किंवा गाळा मिळाला नाही म्हणून अडलेली मी क्वचितच पाहिली. बहुतेकांचं अडतं ते काम झाल्यावर ओळखीच्या माणसाकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही म्हणून. मी मूर्तिजापूरच्या बाजूला वीसेक वर्षांपासून हेच काम करतो, वायरमनचा परवाना आहे, सोबत आता दोन पोरं असतात. माझ्याकडे शिकून बाहेर पडलेल्यांत काही जण कामात माझ्यापेक्षा सरस होते आणि तरी वर्षभरात कंपनीत परत गेले. जे हात लावण्याआधी दर सांगायला शिकले, ते टिकले.

दोन गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या मला इथून सांगता येणार नाहीत. पहिली म्हणजे तुमच्या टप्प्यात किती गावं आहेत. एका गावावर हा धंदा चालत नाही. मोटारसायकलने अर्ध्या तासात पोचता येईल अशी आठ-दहा गावं हवीत आणि त्यातल्या दोन-तीन गावांत तरी पक्की घरं, शिक्षकांची कुटुंबं, एखादा दवाखाना, पतसंस्था असं काही हवं. दुसरी गोष्ट घरची. पेरणीला आणि सोंगणीला तुम्ही वावरात लागत असाल तर तसं गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवता येतं, त्यात अडचण नाही. पण घरावर पीककर्जाशिवाय दुसरा कुठला हप्ता चालू असेल, तर तो या धंद्यातून फेडायचा असं पहिल्या वर्षी तरी धरू नका.

आता पैशाचं. लोक पैसे देत नाहीत म्हणून राग धरण्याआधी ही सवय आली कुठून ते बघा. आपल्या गावात सुतार-लोहार वखर, डवरा, तिफण वर्षभर नीट करून द्यायचे आणि खळं झालं की त्यांचं बलुतं त्यांना धान्यात मिळायचं. कामागणिक पैसे मोजायची पद्धतच नव्हती. ‘कापूस गेला की घेऊन जाजो’ असं काकाजी आज म्हणतात, तेव्हा ते तुम्हाला फसवत नसतात, जुन्याच चालीने बोलत असतात. पण त्या सुताराला वर्षाची हमी होती. सगळं गाव त्याला बांधलेलं असायचं आणि खळ्यावरचा त्याचा वाटा ठरलेला असायचा. तुमच्या वाट्याला थांबणं तेवढं आलं, हमी आली नाही. म्हणून एक तर काम झालं की पैसे घ्यायचे, नाही तर वर्षाची हमी घ्यायची. मी दोन्ही करतो.

काम झालं की पैसे घ्यायचे, तर बोलणं कामाच्या आधी झालं पाहिजे. पाहायचं, सांगायचं आणि मग हात लावायचा, हा क्रम कधी मोडू नका. नळ गळतोय म्हणून बोलावलं, तर आधी पिशवी खाली ठेवून फक्त बघा. मग सरळ सांगा, ‘काकाजी, आता मी हेच काम करतो. नुसती आतली चकती झिजलेली नाही, नळच बदलावा लागेल. नळ तुम्ही आणा नाही तर मी आणतो, बसवायचे दोनशे. बसवू का?’ यावर ते म्हणतील, ‘अरे बाप्पू, इतक्याशा कामाचे कायचे पैसे? घरचाच तं आहेस तू.’ इथे वाद घालायचा नाही, लाजायचंही नाही. ‘घरचाच आहे, म्हणून तं रात्री बोलावलं तरी येईन. पण पोट यावरच आहे आता,’ एवढं म्हणून थांबायचं. बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर पिशवी उचलून, चहा घेऊन निघायचं, तोंड वाकडं करायचं नाही. पंधरा दिवसांनी तेच बोलावतात, कारण नळ गळतच असतो.

पहिले काही आठवडे जड जातात. त्यासाठी एक सोपा उपाय आहे, तुमच्या ऐवजी कागदाला बोलू द्या. एका पानावर पंधरा-वीस कामं आणि त्यांची मजुरी मोठ्या अक्षरात छापून घ्या: नळ बसवणे, फ्लशची टाकी दुरुस्त करणे, पंख्याचा कंडेन्सर बदलणे, कूलर तपासणे, दाराची कडी, टिनाचा एक पत्रा बदलणे. हे पान लॅमिनेट करून किराणा दुकानात, पिठाच्या चक्कीवर आणि दूध संकलन केंद्रावर लावा. गावाच्या व्हॉट्सअॅप गटात टाका. खाली एक ओळ लिहा, ‘सामानाचे पैसे वेगळे आणि आधी.’ मग घरी गेल्यावर तोंडाने आकडा काढायची वेळच कमी येते, समोरचाच म्हणतो, ‘त्या कागदावर दीडशे लिहिले होते ना?’

फुकट कोणाचं करायचं तेही आधीच ठरवून ठेवा. एकटी राहणारी म्हातारी आजी, अंगणवाडी, असं तुमचं तुम्ही ठरवा आणि त्यांचं पूर्ण फुकट करा. बाकी सगळ्यांना पूर्ण दर. ‘तुमच्यासाठी अर्धे’ हे कधी म्हणू नका. ते अर्धे दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत पोचतात आणि तोच तुमचा दर होतो. सख्ख्या नात्यात मजुरी सोडायची असेल तर सोडा, सामान मात्र त्यांनीच आणायचं.

उधारी पूर्ण बंद करता येणार नाही, आपल्या भागात तसा हट्ट धरला तर निम्मी गिऱ्हाइकं जातात. तिला कुंपण घालता येतं. सामान कधीही उधार द्यायचं नाही. त्याचे पैसे तुम्ही हार्डवेअरवाल्याला रोख दिलेले असतात, ते अडकले की दुसऱ्या दिवसाचं कामच थांबतं. मजुरी थांबवायची असेल तर कशावर देणार ते विचारून त्यांच्या समोर वहीत लिहायचं: नाव, काम, रक्कम आणि ‘सोयाबीनवर’ किंवा ‘कापसावर’ किंवा ‘हरभऱ्यावर’. सोयाबीन साधारण दिवाळीच्या आसपास बाजारात जातं, कापूस त्यानंतर संक्रांतीपर्यंत आणि पुढेही टप्प्याटप्प्याने, हरभरा होळीच्या सुमारास. वहीत तसं लिहिलेलं असलं की कोणाकडे कधी जायचं हे तुम्हाला कळतं आणि त्यालाही आपण काय बोललो ते आठवतं. एक उधारी बाकी असताना त्याच घरचं दुसरं काम उधारीवर घ्यायचं नाही. आणि मागायला जायचं ते घरी, संध्याकाळी, एकट्याने. पानटपरीवर चार माणसांत मागितलेले पैसे मिळतात, पण ते घर जातं आणि त्याच्या भावकीतली आणखी चार घरं जातात.

वर्षाची हमी म्हणजे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, ठेवतात तसं. पाडव्याला किंवा अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बोलणं करायचं आणि दोन हप्ते घ्यायचे, एक सोयाबीनच्या वेळी, एक कापसाच्या वेळी. त्यात काय येतं ते लिहून द्यायचं: उन्हाळ्याआधी कूलर आणि पंख्यांची तपासणी, पावसाळ्याआधी छत आणि नाल्या, मध्ये लहानसहान कामांची मजुरी. सामान आणि मोठी कामं वेगळी. हे सगळ्यांना विचारायचं नाही. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत आणि घरात दोघं म्हातारेच आहेत, अशी घरं आपल्या प्रत्येक गावात आता आहेत. त्यांच्या मुलांना फोनवर विचारा. तुम्ही सांगता तो आकडा त्यांना जड वाटत नाही, आई-बाबांकडे कोणीतरी विश्वासाचं येऊन जातंय याचीच त्यांना किंमत असते आणि पैसे फोनवरून त्याच दिवशी येतात. माझ्याकडची अशी घरं मी कोणत्याही दुकानाच्या बदल्यात सोडणार नाही.

दर कसा काढायचा, ते एकदा कागदावर मांडा. समजा या कामातून घरात महिन्याला १५,००० रुपये यायला हवेत. पेट्रोल २,५००. हत्यारांची झीज, फोन, विमा मिळून १,५००. बुडालेली उधारी १,०००. झाले २०,०००. आता महिन्यात पैसे मिळतील असे तास मोजा. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तुम्ही बाहेर असलात तरी त्यातला निम्म्याहून जास्त वेळ जाण्यायेण्यात, नुसतं पाहून येण्यात, तालुक्याहून सामान आणण्यात आणि वीज नाही म्हणून बसण्यात जातो. शंभर तास धरा. म्हणजे तासाला दोनशे. नळ बसवायला वीस मिनिटं लागतात, पण घरून निघून घरी येईपर्यंत तास होतो, म्हणून त्याचे दोनशे. गिऱ्हाइकाला तासाचा हिशोब सांगायचा नाही, त्याला कामाचा आकडा हवा असतो. तासाचा हिशोब तुमच्या वहीत राहू द्या.

दिवसभराचं काम असेल तेव्हा हा दर लावू नका. तिथे जाण्यायेण्याचा वेळ वाचतो आणि गिऱ्हाईक मनातल्या मनात तुमची गाठ गवंडी मिस्त्रीच्या रोजीशी घालतं. गावात मिस्त्रीची जी रोजी चालू असेल तिच्या थोडं वर राहा, कारण तुमची हत्यारं विजेवर चालणारी आणि महाग आहेत. लहान काम महाग आणि मोठं काम स्वस्त, हे सुरुवातीला उलटं वाटतं, पण गणित तसंच आहे.

कोणती कामं घ्यायची हे आपली माती आणि आपलं पाणी ठरवतं. तुम्ही आणि मी दोघंही खारपाणपट्ट्यात आहोत. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना विहिरी-बोअरचं पाणी खारट. पुण्यात तुम्ही जे नळ बसवले ते इथे लवकर जाम होतात. लोखंडी पाइपाचे आटे खाऊन जातात आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. वापरायचं पाणी बोअरचं असेल तर मी चकचकीत नळाऐवजी पीटीएमटीचा, म्हणजे चांगल्या प्लास्टिकचा नळ सुचवतो, पाइप यूपीव्हीसी आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी. गिऱ्हाइकाला तो नळ दिसायला हलका वाटतो. अशा वेळी पिशवीतला एक खाल्लेला जुना आटा काढून हातात ठेवायचा, समजावायला त्याहून जास्त काही लागत नाही. योजनेचं गोडं पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून घरोघरी टाकं, त्यावर बॉल कॉक आणि टिल्लू पंप असतो. यातलं काम भरपूर आहे. मात्र थेट नळाच्या लाइनीला टिल्लू जोडून द्या म्हणतील, ते करायचं नाही. एक तर त्याला बंदी आहे, आणि दुसरं म्हणजे ओढीमुळे फुटक्या जोडातून नालीचं पाणी लाइनीत शिरतं आणि ते शेवटच्या घरातलं लेकरू पितं.

दुसरी काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावरची घरं हलतात. दार पावसाळ्यात चौकटीला घासतं म्हणून बोलावतात आणि सुताराकडून रंधा मारून घेतलेला असतो, मग मे महिन्यात त्याच दारातून बोट जातं. अशा दाराला लगेच रंधा मारू नका, आधी बिजागऱ्या बघा, चौकट ओळंब्यात आहे का ते बघा. भिंतीच्या भेगेचं तेच. पुट्टी भरून दोनशे रुपये घेणं सोपं आहे, पण पुढच्या हंगामात भेग पुन्हा उघडते आणि नाव तुमचं जातं. मी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारतो आणि बाजूला तारीख लिहितो. पुढच्या खेपेला भेग रेघेच्या पुढे सरकलेली दिसली, की ते काम आपलं राहत नाही, पायव्याचं असतं. तसं स्पष्ट सांगून जाणत्या मिस्त्रीकडे किंवा इंजिनिअरकडे पाठवतो. जमिनीतून पाइप न्यायचा असेल तर खाली-वर रेती किंवा मुरूम टाकल्याशिवाय काळ्या मातीत नुसता पुरू नका, जोड निसटतो.

आता कूलर, कारण तुमच्या धंद्याची खरी सुरुवात तिथे आहे. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत कूलरशिवाय घर नाही, आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते, त्यात लहान लेकरं असतात. हे काम नुसतं पंप बदलून उरकू नका. मी गेलो की आधी प्लग काढतो आणि हातात घेऊन बघतो. बऱ्याचदा तिसरी पिन तुटलेली असते किंवा दोन पिनांचाच प्लग लावलेला असतो. मग बाजूची गवताची ताटी काढून पंपाकडे बघायचं. वायर पंपात जिथे शिरते तिथला मसाला तडकलेला आहे का, वायर पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली आहे का, टपात लोंबणारा जोड नुसता चिकटपट्टीने बांधलाय का. पाण्याखाली किंवा पाण्याजवळ जोड नकोच, वायर अखंड हवी. टेस्टर लावून दिवा लागला नाही म्हणून सगळं ठीक असं धरू नका. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, घ्या. कूलर प्लगमधून काढलेला असताना वायरींची आतली टोकं आणि पत्र्याचं अंग यांच्यात मोजा आणि एक मेगओमच्या खाली आलं तर तो कूलर चालू करून देऊ नका. त्यानंतर भिंतीतलं सॉकेट. तिथे अर्थिंगचं भोक असतं, पण मागे वायर बहुतेक नसतेच. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या असं प्रत्येक घराला सांगा. विजेची गळती होताच तो लाइन तोडतो. तो असला तरी अर्थिंग हवंच, नाही तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत तो थांबून राहतो. आणि आपल्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी टाकायला सांगा.

जाताना घरातल्या बाईला समोर उभं करून एक गोष्ट दाखवायची: पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. घरच्या पुरुषाला सांगून उपयोग नाही, दिवसभर पाणी तीच भरते. तुमच्या कामाची बोलावणी बहुतेक अशाच वेळी येतील जेव्हा घरात बाया आणि म्हातारी माणसंच असतात. निघण्याआधी फोन करा, दार उघडं राहू द्या, आजी किंवा लेकरू जवळ असू द्या. गावात एकदा ‘सरळ माणूस आहे’ असं बायांनी म्हटलं की दरपत्रक लावायचीही गरज पडत नाही.

विजेच्या कामाची सीमा मात्र पक्की ठेवा, तुमच्याकडे परवाना नाही. नियमाने पंखा, बल्ब, स्विच, फ्यूज, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलायला मुभा आहे, पण मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलायचं नाही. नवीन पॉइंट काढणं, वायरिंग वाढवणं, अर्थिंग करणं, बोर्ड बदलणं हे परवानाधारक ठेकेदाराचं काम आहे, आरसीसीबीही त्याच्याच हातून बसवायचा. नवीन मीटरसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्टही त्याचाच लागतो. अशा एका ठेकेदाराशी बोलून ठेवा, ती कामं त्याला द्या, तो लहान कामं तुम्हाला देईल. खांबावर चढायचं नाही, डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला, हात लावायचा नाही, सगळं गाव अंधारात बसलं असलं आणि सरपंचांनी गळ घातली तरीही नाही. मोटारीचं रिवाइंडिंगही वेगळा धंदा आहे, तो घेऊ नका. विहिरीवरची मोटार काढून रिवाइंडिंगवाल्याकडे नेणं आणि परत बसवणं एवढं घेतलं तरी रब्बीत चांगलं काम असतं.

कूलर आवरेपर्यंत मे महिना येतो आणि छपरांची हाक सुरू होते. कवेलूची, म्हणजे कौलांची, घरं कमी झाली, कारण वानरं फोडतात आणि कवेलू फेरणारे हात राहिले नाहीत. आता बहुतेक टिन आहे. टिनावर पाय ठेवायचा तो स्क्रूच्या ओळीवरच, खाली तिथे आडवा पाइप असतो. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही, आधी लाकडी फळी टाकायची आणि वजन फळीवर घ्यायचं. तो पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि माणसासकट खाली येतो. गळती बहुधा स्क्रूच्या वायसरमधूनच असते, उन्हाने रबर तडकतं. सगळ्या छपराला डांबर फासण्याआधी एका माणसाला आत उभं करून वरून बादलीभर पाणी ओता आणि जागा शोधा. जुलै-ऑगस्टमध्ये काम निम्म्यावर येतं, लोकांच्या हातातही पैसा नसतो. हिशोब करताना हे दोन महिने धरूनच करा, उन्हाळ्याची कमाई तिथे पुरवायची असते. पोळा झाला की दिवाळीच्या साफसफाईची कामं हळूहळू सुरू होतात.

आता तुमचे तीन प्रश्न. गाळा घेऊ नका. गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्याकडे जाता, मग भाडं कशाचं? शिवाय गाळा घेतला की त्यात सामान भरावंसं वाटतं आणि सामान भरलं की ते उधारीवर जातं. घरची एक खोली किंवा ओसरीतलं एक कपाट पुरे.

भांडवलात सगळ्यात आधी चांगला हॅमर ड्रिल, मल्टिमीटर, मेगर, दोन पाइप पाने, इन्सुलेशनच्या पकडी, लेव्हल, ओळंबा आणि दुमडणारी अॅल्युमिनियमची शिडी. पुण्याहून यातलं काही तुमच्याकडे असेलच. ग्राइंडर, वेल्डिंग मशीन सुरुवातीला घेऊ नका. लागेल त्या दिवशी फॅब्रिकेशनवाल्याकडून काम करून घ्या. पिशवीत टेफ्लॉन टेप, वायसर, कंडेन्सर, स्क्रू, चिकटपट्टी एवढंच सामान कायम ठेवा, त्याने एक चक्कर वाचते.

हार्डवेअरवाल्याबद्दल एक सांगतो. तुमचं काम वाढलं की तो स्वतःहून म्हणेल, तुझ्या गिऱ्हाइकाच्या बिलावर तुझं इतकं. अनेक जण घेतात. मी घेत नाही. घेतलं की गिऱ्हाइकाच्या घरात उभं राहून ‘हा नळ बदलावाच लागेल’ हे वाक्य आपल्याच तोंडी खरं वाटेनासं होतं. बिल गिऱ्हाइकाच्या नावाने करा, फोटो त्याला पाठवा, आणि बदललेली जुनी वस्तू त्याच्या घरीच ठेवून या.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. दुकान आस्थापना कायद्याखाली एवढ्या लहान धंद्याला ऑनलाइन सूचना तेवढी द्यायची असते. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीचा विचार करायची गरज नाही. पावतीपुस्तक मात्र छापून घ्या, शाळा, पतसंस्था, दवाखाना यांना पावतीशिवाय पैसे देता येत नाहीत. बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू करा, वर्षाला २० रुपये आणि अपघाती मृत्यूला २ लाख. शिडीवर चढणाऱ्या माणसाने तो घेतलेलाच असावा. त्याच्या जोडीला जमेल तसा एखादा मोठा अपघात विमाही बघा.

कर्जाचं म्हणाल तर पहिल्या उन्हाळ्यात काढू नका. पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल तुम्हाला कोणी सांगेल. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिल्यांदा १ लाखापर्यंत कर्ज आहे. पण ती सुतार, लोहार, गवंडी, कुलूपवाले अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर त्यात नाहीत. तुमच्या घरात पूर्वीपासून यातलं काही काम चालत असेल तरच ग्रामपंचायतीत चौकशी करा. तुमच्यासाठी सरळ वाट मुद्रा कर्जाची, त्यातल्या शिशु गटात ५०,००० पर्यंत मिळतं. बँकेत जाताना हातात वर्षभराची वही, पावत्या आणि खात्यात फोनवरून आलेले पैसे असले की मॅनेजरशी बोलणं सोपं होतं. म्हणून निदान तिसऱ्या-चौथ्या कामापासून तरी पैसे रोख न घेता खात्यावर घ्यायची सवय लावा, वडिलांच्या नाही, स्वतःच्या खात्यावर.

परवान्याचा विचारही आत्ताच करून ठेवा. दर्यापूरच्या किंवा अमरावतीच्या आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनच्या प्रवेशाची चौकशी करा, दोन वर्षं जातात. शेती आणि धंदा सांभाळून ते जमेल का हे तुमच्या घरावर आहे. जमत असेल तर करा, कारण नवीन वायरिंगचं काम हातात आलं की कमाईची पायरीच बदलते. जमत नसेल तर पाणी, छप्पर आणि दारं यांतच पुरेसं काम आहे.

तुमच्या टप्प्यातली गावं किती, त्यात बोअरवर चालणारी घरं किती आणि मिस्त्रीची रोजी सध्या काय आहे, एवढं कळवा. दरपत्रकाचा कच्चा कागद केलात तर तोही पाठवा, कूलरचा हंगाम लागायच्या आत पाहून देतो.